मित्राच्या घरी आजारपण येते तेव्हा

१९६४ च्या फेब्रुवारी महिन्यात राजनांदगाव येथील दिग्विजय महाविद्यालयातील हिंदीच्या एका प्राध्यापकास पक्षाघाताचा झटका आला. वय अवघे शेहेचाळीस, पदरी पत्नी आणि मुले, मिळकत म्हणजे प्रामुख्याने महाविद्यालयाचे वेतन. हे प्राध्यापक म्हणजे गजानन माधव मुक्तिबोध. घरची भाषा मराठी आणि लेखणीची हिंदी असलेल्या या कवीचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठी वाचकांना कवी व कादंबरीकार म्हणून सुपरिचित आहेत. आजारापूर्वी दोनच वर्षे, १९६२ मध्ये, गजाननरावांनी लिहिलेल्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली होती आणि त्यापासून होऊ शकणाऱ्या उत्पन्नाची वाट बंद झाली होती. आजार घरात शिरला तेव्हा घराची आर्थिक बाजू आधीच लंगडी होती.

पुढील सात महिन्यांची हकिकत हिंदी साहित्यविश्वात वारंवार सांगितली गेली आहे. जबलपूरचे हरिशंकर परसाई आणि इतर मित्र धावून आले. राज्य शासनाकडे प्रयत्न झाले व रुग्णास भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात हलविण्यात आले. तेथे उतार पडेना, तेव्हा दिल्लीतील लेखकमित्रांनी नुकतेच पंतप्रधान झालेले लालबहादुर शास्त्री यांच्यापर्यंत विषय नेला आणि मुक्तिबोधांना दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत दाखल करण्यात आले. तेथेच ११ सप्टेंबर १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. मूळचे बिलासपूरचे कवी श्रीकांत वर्मा यांनी त्यांच्या कवितांची जुळवाजुळव केली. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा त्यांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. तो हाती घेण्यास कवी मात्र उरला नव्हता.

ही हकिकत साहित्याच्या अंगाने नेहमीच वाचली जाते. ती एखाद्या खातेदाराच्या अंगाने वाचली तर वेगळीच गोष्ट ध्यानात येते. मित्रांनी पैसा उभा केला असेलच. परंतु जी मदत लोकांच्या स्मरणात राहिली ती पैशाची नव्हे. रुग्णाला कोठे न्यावे याचा निर्णय, त्यासाठी करावी लागलेली पत्रापत्री, प्रवासाची जुळणी, उशाशी बसणे आणि रुग्णाचे अपुरे राहिलेले काम मार्गी लावणे, म्हणजे अंथरुणाला खिळलेला माणूस स्वतः जे करू शकत नव्हता आणि भांबावलेल्या घरच्यांना जे सुचणे कठीण होते, ते मित्रांनी केले. आज भ्रमणध्वनीवरून पैसे पाठविण्यास अर्धे मिनिट पुरते. उरलेल्या कामासाठी मात्र आजही माणूसच लागतो.

आजारी माणसाच्या घरून निघताना आपण सारेच "काही लागले तर सांगा" असे म्हणतो. हे वाक्य मनापासूनचे असते, पण त्याने कोणाचे काम हलके झाल्याचे सहसा दिसत नाही. कारण काय लागणार आहे, हेच त्या घराला ठाऊक नसते.

अंतर कमी झाले, कागद वाढले

मुक्तिबोध आजारी पडले तेव्हा रायपूरचे वैद्यकीय महाविद्यालय नुकतेच सुरू झाले होते. आज राजनांदगावहून दुर्ग-भिलाईमार्गे रायपुरात शिरणाऱ्यास जी. ई. रोडवर टाटीबंध येथेच अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, म्हणजे एम्स, दिसते; रायपूरच्या या संस्थेचे काम २०१२ साली सुरू झाले. ज्या नावाच्या रुग्णालयासाठी तेव्हा दिल्ली गाठावी लागली, ते आता सत्तर किलोमीटरांच्या आत आहे. शहरात डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय आहे, ज्याला अवघे छत्तीसगढ 'मेकाहारा' म्हणून ओळखते. दाऊ कल्याणसिंह रुग्णालयाची कथा तर मोठी गमतीची. २००० साली राज्य स्थापन झाल्यावर या इमारतीत मंत्रालय थाटले गेले आणि २०१८ मध्ये ती पुन्हा रुग्णांच्या सेवेत, अतिविशेष उपचारांसाठी, रुजू झाली. नवा रायपूर येथील श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात बालकांच्या जन्मजात हृदयदोषांवर पूर्णतः विनामूल्य शस्त्रक्रिया होतात.

उपचार जवळ आले, तरी ते मिळविण्यासाठी लागणारे कागद वाढले. आणि या कागदांपैकी बरेचसे रुग्णाच्या सहीवाचून होत नाहीत. मित्राने सर्वप्रथम लक्ष घालावे ते येथे.

सही होते आहे तोवर

समजा, तात्यापाऱ्यातील एका पन्नाशीच्या गृहस्थास मेंदूचा गंभीर आजार असल्याचे निदान झाले. बचत खाते त्यांच्या एकट्याच्या नावे आहे, पत्नीचे नाव वारस म्हणून नोंदविलेले आहे. काही मुदत ठेवी दोघांच्या नावे आहेत. घरची समजूत अशी, की 'नाव आहे, तेव्हा पैसे काढता येतील.' हीच समजूत पुढे घात करते.

नामनिर्देशन हे खातेदाराच्या मृत्यूनंतरच लागू होते. खातेदार हयात असताना, मग तो अतिदक्षता विभागात का असेना, नामनिर्देशित व्यक्तीला त्या खात्यातून एक रुपयाही काढता येत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्यास चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करण्याची मुभा मिळाली आहे. ती उपयुक्त आहे, पण या प्रसंगी तिचा उपयोग नाही. येथे उपयोगी पडते ते संयुक्त खाते. खातेदार शुद्धीवर आहे आणि सही करू शकतो आहे तोवर पत्नीचे नाव खात्यात जोडून 'दोघांपैकी कोणीही अथवा हयात राहील तो' असा आदेश नोंदविला, तर घरखर्चाचा व औषधांचा मार्ग मोकळा राहतो.

मुदत ठेवींबाबत आणखी एक बारकावा आहे आणि तो बँकेत नित्य येणाऱ्या ग्राहकांनाही बहुधा ठाऊक नसतो. 'दोघांपैकी कोणीही' असा आदेश असलेली ठेव मुदत संपल्यावर कोणाही एकाच्या सहीने मिळते. मात्र मुदतीपूर्वी मोडावयाची असेल तर दोन्ही ठेवीदारांच्या सह्या लागतात. आजारपणात ठेव मोडावी लागते ती मुदतीपूर्वीच. म्हणून, कोणाही एकास मुदतपूर्व रक्कम देण्यात यावी असे संयुक्त संमतिपत्र आधीच देता येते का, हे शाखेत विचारून घ्यावे. ठेव मोडण्याऐवजी तिच्या तारणावर कर्ज घेणे किफायतशीर ठरेल काय, हेही त्याच भेटीत विचारावे. मुदत संपण्यास दोन-तीन महिने उरले असतील तर बहुधा ठरते.

रुग्णाला सही करता येत नाही, पण तो शुद्धीवर आहे, अशा स्थितीत निराश होण्याचे कारण नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार आजारी वा वृद्ध खातेदाराच्या अंगठ्याचा ठसा, आणि तो शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचाही ठसा, ग्राह्य धरता येतो. बँकेस परिचित अशा दोन स्वतंत्र साक्षीदारांनी त्याची ओळख पटवावी लागते व त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. ठसाही उमटविता येत नसेल तर धनादेशावर केलेली नुसती खूणदेखील अशाच साक्षीने चालते. पैसे कोणी न्यावयाचे, तेही खातेदाराने सांगावयाचे असते आणि त्या व्यक्तीचीही ओळख पटवावी लागते. याशिवाय सत्तर वर्षांवरील तसेच दुर्बल व अपंग ग्राहकांना घरपोच मूलभूत सेवा देण्याविषयी रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये बँकांना सूचित केले आहे. शाखेत जाऊन हे सांगणे, अधिकाऱ्यांची वेळ ठरविणे, त्यांना रुग्णाच्या खोलीपर्यंत नेणे, हे काम घरच्यांपेक्षा मित्राला अधिक सुकर जाते. शाखेतील कर्मचाऱ्यांनीही हे ध्यानी ठेवावे, की काऊंटरपलीकडे उभा असलेला हा गृहस्थ खातेदार नसला तरी खातेदाराच्याच कामासाठी आलेला आहे. खात्याची माहिती त्याला देता येणार नाही. कार्यपद्धती मात्र नीट समजावून सांगता येते.

खरा पेच पडतो तो शुद्ध हरपल्यानंतर. मुखत्यारपत्र केलेले आहे, तेव्हा काळजी नाही, असे अनेकांना वाटते. परंतु ते देणाऱ्याची समज हरपली, की करारविषयक कायद्यानुसार सर्वसाधारण मुखत्यारपत्र निष्प्रभ होते. म्हणजे ज्या वेळेसाठी ते केले त्याच वेळी ते हाताशी नसते. बेशुद्धावस्थेतील प्रौढ व्यक्तीचा पालक नेमण्यासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. अशी कुटुंबे उच्च न्यायालयाकडे दाद मागतात. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशा नेमणुकीसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि त्यांचा आधार इतरत्रही घेतला जातो. रायपूरच्या कुटुंबासाठी उच्च न्यायालय म्हणजे बिलासपूर. नवरा रुग्णालयात, मुले शाळेत, आणि वहिनी स्वतःच्याच घरच्या पैशासाठी वकिलाच्या शोधात, असा प्रसंग संयुक्त खात्याच्या एका अर्जाने टळला असता. असा अर्ज वेळेत पुढे ठेवणे अवघड आहे खरे. धडधाकट दिसणाऱ्या मित्रासमोर हा विषय काढताना जीभ रेटत नाही. तरीही तो घरच्यांनी काढण्यापेक्षा मित्राने काढलेला बरा; पत्नीने काढला तर त्याचा भलताच अर्थ लावणारे नातेवाईक असतात.

कार्ड आणि 'मित्र'

आयुष्मान भारत योजनेचा प्रारंभ २३ सप्टेंबर २०१८ रोजी झाला. पात्र कुटुंबास वर्षाकाठी ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार रोख न भरता मिळतात. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तर वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्न कितीही असो, या योजनेत सामावून घेण्यात आले आहे. छत्तीसगढमध्ये राज्याची स्वतःची आरोग्य सहायता योजनाही तिला जोडून राबविली जाते व शिधापत्रिकेच्या प्रकारानुसार मर्यादा ठरते. या रकमेत न बसणाऱ्या दुर्धर आजारांसाठी २०२० पासून मुख्यमंत्री विशेष स्वास्थ्य सहायता योजना आहे. ती सुरू झाली तेव्हा कमाल मर्यादा २० लाख रुपये होती.

योजना माहीत नसणे ही आता फारशी अडचण नाही. अडचण होते ती क्रमाची. रुग्णास घाईने दाखल केले जाते, अनामत रक्कम भरली जाते आणि कार्डाची आठवण तिसऱ्या दिवशी होते. योजनेतील उपचारांना पूर्वमंजुरी लागते. म्हणून दाखल करतानाच कार्ड दाखविणे आवश्यक असते. कुटुंबातील प्रत्येकाचे कार्ड वेगळे निघते, नाव व जन्मतारीख आधारपत्राशी जुळावी लागते, आणि 'गजानन'चे कोठे 'गजानंद' झाले असेल तर तेवढ्यावर प्रकरण अडते. संलग्न रुग्णालयात या कामासाठी नेमलेल्या माणसाला 'आयुष्मान मित्र' म्हणतात. शासनालाही या पदासाठी याहून समर्पक शब्द सापडला नाही, हे नोंद घेण्याजोगे आहे. घरच्या मित्राने या मित्राची गाठ पहिल्याच दिवशी घालून द्यावी.

१९६४ मध्ये लेखकमित्रांनी पंतप्रधानांकडे विषय नेला होता. आज त्यासाठी ओळख लागत नाही. १९४८ साली फाळणीतील विस्थापितांसाठी उभारलेल्या पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधीतून हृदयशस्त्रक्रिया, मूत्रपिंडरोपण, कर्करोग अशा उपचारांसाठी अंशतः साहाय्य दिले जाते. रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक अर्जास जोडावे लागते आणि रक्कम रुग्णालयास थेट मिळते. उरला-सिलतरा येथील कारखान्यांत काम करणाऱ्या व राज्य विमा योजनेत नोंद असलेल्या कामगारास आजारपणात एक्क्याण्णव दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के आणि कर्करोग, क्षय यांसारख्या दीर्घ आजारांत, पात्रतेनुसार, दोन वर्षांपर्यंत ८० टक्के दराने लाभ मिळतो. भविष्य निर्वाह निधीतूनही आजारपणासाठी आगाऊ रक्कम काढता येते. कर्करोगासाठी मुंबईच्या टाटा रुग्णालयात जावे लागलेच, तर रुग्णास रेल्वेच्या शयनयान वर्गाचे भाडे पूर्ण माफ आहे व सोबत जाणाऱ्यास तीन चतुर्थांश सवलत आहे. मुक्कामासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार अनेकांना झाला आहे. यांपैकी काय लागू पडते, हे पाहण्यास एका शांत डोक्याच्या माणसाची एक दुपार पुरते.

वर्गणी, उसने आणि जामीन

मित्रमंडळी वर्गणी काढतात, ते उचितच आहे. रायपुरात १९३५ पासून महाराष्ट्र मंडळ आहे, मोहल्ल्यातले गणेशोत्सव आहेत, शाळेचे जुने वर्गमित्र आहेत. शब्द टाकला तर रक्कम जमते. परंतु ती एका मित्राने आपल्या खाजगी खात्यात गोळा करू नये. हेतू कितीही स्वच्छ असला तरी चार महिन्यांनी कोणी किती दिले आणि कोठे गेले याचा हिशेब लागत नाही, आणि मैत्रीतच अंतर पडते. रुग्णालयाच्या खात्यात रुग्णाच्या नोंदणी क्रमांकावर रक्कम थेट भरून पावती घ्यावी, हा सर्वांत सरळ मार्ग होय. मोठी रक्कम रोखीने देऊ नये. एका प्रसंगी दोन लाख रुपये वा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास कायद्याची मनाई आहे. रुग्णाच्या खात्यात पैसे जमा होत असतील तर एक नियम ध्यानात हवा. आप्तांनी दिलेली भेट करमुक्त असते. पण कायद्याच्या व्याख्येत 'नातेवाईक' या शब्दात मित्र बसत नाही. एका आर्थिक वर्षात इतरांकडून मिळालेल्या भेटींची एकूण रक्कम ५०,००० रुपयांहून अधिक झाली, तर संपूर्ण रक्कम उत्पन्नात धरली जाऊ शकते. कायद्यास मैत्री ठाऊक नाही, इतकेच. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेमार्फत साहाय्य मिळविणे, किंवा करसल्लागाराचे मत आधी घेणे, त्यामुळे इष्ट ठरते.

उसने देणाऱ्याने २०,००० रुपये व त्यावरील रक्कम रोखीने देऊ नये; धनादेशाने वा खात्यातून द्यावी. आणि परत न आल्यास आपले घर अडचणीत येणार नाही, इतकीच द्यावी. जामीन राहण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते; बँकेने प्रथम कर्जदाराकडे जावे आणि मग जामीनदाराकडे, असा क्रम कायदा घालून देत नाही. भावनेच्या भरात केलेली ती सही मित्राच्या मुलांसाठी असते, पण तिचा भार स्वतःच्या मुलांवर पडू शकतो. नकार द्यावयाचा झाल्यास तो लगेच व स्पष्ट द्यावा, आणि त्याऐवजी काय करता येईल ते त्याच श्वासात सांगावे.

चारशे छत्तीस रुपये

आजारपणात मोठ्या रकमांकडे सर्वांचे लक्ष असते, आणि नुकसान होते ते बारीक रकमांतून. प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेचा हप्ता वर्षाला ४३६ रुपये आहे व तो मे महिन्याच्या अखेरीस बचत खात्यातून आपोआप वळता होतो. संरक्षण २ लाख रुपयांचे, मृत्यूचे कारण कोणतेही असो. ज्या घरी औषधांसाठी खाते रिकामे झाले आहे, त्या घरी ३१ मे रोजी ४३६ रुपये शिल्लक नसण्याचा संभव पुष्कळ असतो. संरक्षण तुटते, आणि पुन्हा सामील झाल्यास पहिल्या तीस दिवसांत अपघाताखेरीज अन्य कारणाने मृत्यू आल्यास रक्कम मिळत नाही. आयुर्विम्याच्या वार्षिक हप्त्यास तीस दिवसांची सवलत असते, मासिक हप्त्यास पंधराच. आरोग्य विम्याचे नूतनीकरण चुकले तर आजार आधीच जडलेला असल्याने नवी पॉलिसी मिळणे कठीण होते. मित्राने या सर्व तारखा एका वहीत उतरवून घेतल्या व त्या त्या दिवशी खात्यात शिल्लक असल्याची खातरजमा करण्यास घरच्यांना सांगितले, तर त्याने मोठी देणगी दिल्यासारखेच आहे.

गृहकर्जाचा हप्ता थकण्याची चिन्हे दिसताच, थकण्यापूर्वी, शाखेत जावे. नव्वद दिवसांहून अधिक काळ थकबाकी राहिली, की खाते अनुत्पादक ठरते आणि मग अधिकाऱ्याच्या हातातही फारसे काही उरत नाही. तोपर्यंत हप्त्यांची पुनर्रचना, मुदतवाढ यांविषयी बोलता येते. कर्जासोबत विमा घेतलेला होता काय, हेही कागद पाहून कळते. बऱ्याच घरांत तो घेतल्याचे कोणाला आठवतही नाही.

पहिल्या पंधरवड्यात भेटीला येणाऱ्यांची रीघ लागते. तिसऱ्या महिन्यात कोणी नसते, आणि खर्च तर तेव्हाच अंगावर येतो. वहीतल्या तारखा मात्र वर्षभराच्या असतात.

मुक्तिबोधांच्या मित्रांचे कामही सप्टेंबर १९६४ मध्ये संपले नाही. त्यांचे विखुरलेले लेखन एकत्र करून नेमिचंद्र जैन यांनी संपादिलेली सहा खंडांची 'मुक्तिबोध रचनावली' १९८० साली प्रसिद्ध झाली, निधनानंतर सोळा वर्षांनी. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या पश्चात साठ वर्षे स्वामित्वहक्क त्याच्या वारसांकडे राहतो. राजनांदगावच्या त्या घरात वह्यांच्या आणि सुट्या कागदांच्या रूपाने पडलेली ही मालमत्ता कवीच्या पश्चातही कायद्याने जिवंत राहिली.